मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कार्यालयाचे आणि घरचे खाते एकत्र कसे सांभाळावे

मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ साली बाजारात आले ते कंपन्या आणि संस्थांसाठी. पुढे त्याची विनामूल्य, घरगुती आवृत्ती निघाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर ती नव्या संगणकांवर आयतीच येऊ लागली. परिणामी काही वर्षे एकाच संगणकावर टीम्स नावाची दोन ॲप नांदत होती, दोघांची चिन्हे जवळपास सारखी होती, आणि कार्यालयाच्या मीटिंगच्या दुव्यावर टिचकी मारली की भलतेच ॲप उघडून ‘या खात्याने प्रवेश करता येणार नाही’ असा निरोप मिळत असे. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज आणि मॅकसाठी ही दोन्ही ॲप एकत्र केली. त्यानंतर ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले आणि परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांशी स्काइपवर बोलणाऱ्या अनेक घरांनाही टीम्सच्या घरगुती खात्याकडे वळावे लागले. ज्या ॲपमध्ये सकाळी साहेबांचा संदेश येतो, त्याच ॲपमध्ये संध्याकाळी बहिणीचा फोन येतो, अशी आजची स्थिती आहे.

ॲप एक झाले असले तरी खाती एक झालेली नाहीत. त्यांतील संदेश, फाइली, दिनदर्शिका आणि नियम पूर्णपणे वेगळे राहतात, आणि हे वेगळेपण कुठे टिकते व कुठे आपल्या हातून पुसले जाऊ शकते, हे पायरीपायरीने पाहण्यासाठी हा लेख आहे. बटणांची नावे इंग्रजी टीम्सच्या पडद्यावर दिसतात तशीच, देवनागरीत लिहिली आहेत.

यंत्र कोणाचे, हे आधी पाहावे

दोन खाती एकत्र ठेवावीत का, हा प्रश्न बहुतेक जण ॲपची सोय पाहून सोडवतात. तो खरे तर संगणक किंवा फोन कोणाच्या मालकीचा आहे यावरून सोडवायला हवा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर कंपनीचे नियम चालतात. त्यावर कोणती ॲप बसवली आहेत, कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली जाते, कोणत्या फाइली पेनड्राइव्हवर जातात, हे पाहण्याची व्यवस्था कंपनी करू शकते आणि तो लॅपटॉप एखाद्या दिवशी अचानक परतही मागू शकते. अशा यंत्रावर घरचे खाते जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरचे बोलणे स्वतःच्या फोनवर ठेवावे.

उलट, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या संगणकावर दोन्ही खाती ठेवायला हरकत नाही, मात्र तो संगणक घरातील इतरही वापरत असतील तर विंडोजमध्ये स्वतःसाठी वेगळा वापरकर्ता आधी तयार करावा. मुलांच्या अभ्यासाच्या संगणकावर कार्यालयाचे खाते उघडे राहणे ही गंभीर बाब आहे, कारण त्या खात्यातून गेलेल्या प्रत्येक संदेशाची जबाबदारी आपल्या नावावर असते.

आणखी एक गोष्ट कार्यालयाच्या आयटी विभागाला विचारून घ्यावी. कंपनीच्या यंत्रावरील टीम्समध्ये केवळ कंपनीचीच खाती चालतील, असे बंधन प्रशासक घालू शकतो. तसे असेल तर घरचे खाते जोडण्याचा प्रयत्न अडवला जाईल. त्यावर पळवाट शोधत बसू नये.

खात्यांचे तीन प्रकार

पहिले खाते कार्यालयाचे किंवा शिक्षणसंस्थेचे. ते संस्था देते आणि संस्थाच बंद करते. त्यातील संवाद संस्थेच्या ईमेल-पेट्यांत साठवला जातो, संवादात पाठवलेल्या फाइली संस्थेच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल-साठवण) आणि चॅनेलमधील, म्हणजे टीम नावाच्या गटातील विषयवार चर्चेच्या कप्प्यातील, फाइली शेअरपॉइंटमध्ये (संस्थेची सामायिक साठवण) जातात. आपण एखादा संदेश पुसला तरी संस्थेने जतनाचे धोरण लावले असल्यास त्याची प्रत मागे राहते, आणि चौकशीच्या वेळी ती शोधून काढता येते. सहकाऱ्याशी दोघांतच केलेले बोलणेही याला अपवाद नाही.

दुसरे खाते आपले स्वतःचे. ते आपल्या वैयक्तिक ईमेलवर किंवा फोन क्रमांकावर उघडलेले असते आणि त्यातील फाइली आपल्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये राहतात, जिथे विनामूल्य जागा ५ जीबी मिळते. समूहाची मीटिंग विनामूल्य खात्यातून ६० मिनिटांपर्यंत आणि १०० जणांपर्यंत घेता येते; दोघांतील कॉलला मर्यादा ३० तासांची, म्हणजे व्यवहारात नसल्यासारखीच. ज्यांचे स्काइप होते त्यांनी त्याच खात्याने टीम्समध्ये प्रवेश केला असता जुने संपर्क आणि संवाद तिथे आणता आले.

तिसरा प्रकार पाहुण्याचा. एखाद्या ग्राहक कंपनीने आपल्याला त्यांच्या टीममध्ये बोलावले की आपण आपल्याच खात्याने, पण त्यांच्या अंगणात वावरतो. हे वेगळे खाते नसते, म्हणून ते आपल्या मूळ खात्याखालीच संस्थेच्या नावाने दिसते. तिथे लिहिलेला मजकूर त्या ग्राहक कंपनीकडे राहतो. सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद अशा चार-पाच ग्राहकांबरोबर एकाच वेळी काम करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण त्यांच्या यादीत खाती दोन आणि संस्था सहा, असे चित्र सहज तयार होते.

दोन्ही खात्यांचा ईमेल पत्ता एकच असेल तर

प्रवेश करताना टीम्स कधीकधी विचारते की हा पत्ता ‘वर्क ऑर स्कूल अकाउंट’चा की ‘पर्सनल अकाउंट’चा. याचा अर्थ, कधीतरी कार्यालयाच्या पत्त्यावरच आपण मायक्रोसॉफ्टचे वैयक्तिक खाते उघडले होते. ज्या संस्था मायक्रोसॉफ्टची खातेव्यवस्था वापरतात त्यांच्या पत्त्यावर अशी नवी वैयक्तिक खाती उघडणे मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येच बंद केले, परंतु त्याआधीची खाती अजून चालू आहेत आणि गोंधळाचे मूळ बहुधा तीच असतात. नोकरी सुटली की त्या पत्त्यावर येणारे पडताळणीचे सांकेतिक अंक मिळणार नाहीत आणि वैयक्तिक खातेही हातचे जाईल, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम येथे ‘पर्सनल अकाउंट’ निवडून प्रवेश करावा, ‘युवर इन्फो’ या पानावर जाऊन साइन-इनचे पत्ते बदलण्याचा पर्याय उघडावा, तिथे आपला खासगी ईमेल पत्ता जोडून त्याची पडताळणी करावी, तो मुख्य पत्ता म्हणून नेमावा आणि त्यानंतरच कार्यालयाचा पत्ता काढून टाकावा. हा क्रम उलटा करू नये. खाते तेच राहते, त्यातील फाइली आणि संपर्क जागेवर राहतात. बदलते ते फक्त दारावरचे नाव.

संगणकावर दुसरे खाते जोडणे

टीम्स उघडून उजव्या वरच्या कोपऱ्यातील आपल्या छायाचित्रावर टिचकी मारावी. खाली उघडणाऱ्या यादीत सध्याचे खाते, त्याखालील संस्था आणि शेवटी ‘ॲड अनदर अकाउंट’ असा पर्याय दिसतो. तो निवडून पत्ता, पासवर्ड आणि पडताळणी पूर्ण करावी. वैयक्तिक खाते जोडले की ते स्वतंत्र खिडकीत उघडते. कार्यालयाची एकाहून अधिक खाती जोडता येतात. दोन संस्थांत अर्धवेळ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना याचा खरा उपयोग होतो.

या सगळ्यात एक पडदा असा येतो की तिथे थांबून वाचलेच पाहिजे. स्वतःच्या संगणकावर कार्यालयाचे खाते जोडताना, प्रवेश झाल्यानंतर विंडोज विचारते की हे खाते सर्व ॲपमध्ये वापरायचे का. जुन्या पडद्यावर ‘अलाउ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस’ अशी चौकट आधीच खूण केलेली असते आणि खाली ‘ओके’चे मोठे बटण असते, विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. घाईत ‘ओके’ दाबले तर आपला खासगी संगणक संस्थेच्या यादीत नोंदला जातो, आणि संस्थेने तशी व्यवस्था केली असेल तर त्यावर संस्थेचे नियमही लागू होऊ शकतात: पासवर्ड कसा असावा, पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा, कोणती ॲप चालावीत. म्हणून ती खूण काढावी आणि ‘नो, साइन इन टू धिस ॲप ओन्ली’ हा छोट्या अक्षरांतील पर्याय निवडावा. त्याने टीम्स व्यवस्थित चालते. काही संस्था नोंदणी नसलेल्या यंत्रावरून प्रवेशच देत नाहीत. तशा वेळी खासगी संगणक त्यांच्या ताब्यात देण्यापेक्षा कार्यालयाचा लॅपटॉप मागून घेणे अधिक योग्य.

‘ओके’ आधीच दाबले गेले असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यातील ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडावे. तिथे संस्थेचे नाव दिसल्यास ‘डिस्कनेक्ट’ करता येते. मात्र त्याआधी, संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेली असल्यास बिटलॉकर या विंडोजच्या कुलूपव्यवस्थेची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क पुन्हा उघडण्याचा अंक, आपल्याजवळ लिहून घ्यावी, कारण संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असताना ती संस्थेकडे साठवली गेलेली असू शकते.

ज्यांना ॲपच नको, त्यांच्यासाठी ब्राउझरची वाट उत्तम आहे. एज किंवा क्रोममध्ये ‘कार्यालय’ आणि ‘घर’ अशी दोन प्रोफाइल तयार करावीत. पहिल्यात टीम्स डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम आणि दुसऱ्यात टीम्स डॉट लाइव्ह डॉट कॉम उघडावे. दोन्हींची साठवलेली माहिती आणि पासवर्ड एकमेकांत मिसळत नाहीत. कधीमधीच मीटिंगला बसणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन.

खिडक्या, सूचना आणि स्थिती

दोन खिडक्या एकसारख्या दिसत असल्याने चुकीच्या खिडकीत टंकन होण्याचा धोका कायम असतो. त्यावर एक साधा उपाय फार प्रभावी ठरतो: दोन्ही खात्यांचे रूप वेगळे करावे. सेटिंग्जमधील ‘अपीअरन्स’मध्ये एका खात्याला उजळ आणि दुसऱ्याला गडद रंगसंगती देऊन पाहावी, छायाचित्रे वेगवेगळी लावावीत. कार्यालयाच्या खात्याला औपचारिक छायाचित्र आणि घरच्या खात्याला कुटुंबाचे, इतका फरकसुद्धा डोळ्यांना पुरतो.

पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या सूचनेवर ती कोणत्या खात्याची आहे हे लिहिलेले असते, तरी लगबगीत ते वाचले जात नाही. म्हणून प्रत्येक खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नोटिफिकेशन्स अँड ॲक्टिव्हिटी’ वेगवेगळे ठरवावे. घरच्या खात्यात कॉलची सूचना चालू ठेवून संदेशांचे आवाज आणि मजकुराची झलक बंद करावी. ती झलक बंद नसेल तर सोसायटीच्या गटातील वाद मीटिंगमध्ये सर्वांसमोर झळकू शकतो.

इथेच स्थितीचा मुद्दा येतो. ‘अव्हेलेबल’, ‘बिझी’, ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही स्थिती त्या त्या खात्यापुरती असते. कार्यालयाच्या खात्यातून पडदा दाखवायला सुरुवात केली की त्या खात्याच्या सूचना थोपवता येतात, पण घरच्या खात्याला त्याची खबर नसते. त्यामुळे महत्त्वाच्या सादरीकरणाआधी केवळ टीम्समधील स्थितीवर विसंबू नये. विंडोजचे किंवा मॅकचे स्वतःचे ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावे, आणि पूर्ण पडदा न दाखवता हवी तेवढी एकच खिडकी दाखवावी. घरातील आजारी माणसाचा कॉल मात्र चुकता कामा नये असे असेल, तर खात्याची स्थिती ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही ठरावीक व्यक्तींचे कॉल येऊ देणारी ‘प्रायॉरिटी ॲक्सेस’ची यादी सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी’ विभागात आहे. यंत्राच्या स्तरावर सूचना बंद केल्यास मात्र तिचा भरवसा धरू नये आणि फोन जवळ ठेवावा.

शोधाची पेटीही त्याच खात्यापुरती चालते. एखादी फाइल सापडत नसेल तर ती हरवली असे समजण्याआधी आपण कोणत्या खात्यात शोधतो आहोत ते पाहावे.

मीटिंगमध्ये शिरताना

दुवा पाहूनच पुष्कळ कळते. टीम्स डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमपासून सुरू होणारा दुवा संस्थेच्या मीटिंगचा आणि टीम्स डॉट लाइव्ह डॉट कॉमचा दुवा वैयक्तिक खात्यातून घेतलेल्या मीटिंगचा असतो. प्रवेशाआधीच्या पडद्यावर कॅमेरा आणि माइकबरोबरच कोणत्या खात्याने शिरायचे हेही निवडता येते, अगदी कोणत्याच खात्याविना, केवळ नाव लिहूनही शिरता येते.

कार्यालयाच्या मीटिंगला चुकून घरच्या खात्याने गेलो, तर आपण बाहेरचे ठरतो. लॉबीत, म्हणजे कोणी आत घेईपर्यंतच्या प्रतीक्षाकक्षात, थांबावे लागते, आणि मीटिंग संपल्यावर तिथला संवाद, फाइली व रेकॉर्डिंग आपल्या कार्यालयाच्या खात्यात सापडत नाहीत. उलट प्रकार अधिक नाजूक आहे: गृहनिर्माण संस्थेची सभा, नवीन नोकरीची मुलाखत किंवा डॉक्टरांशी सल्लामसलत कार्यालयाच्या खात्याने केली, तर त्या कॉलची नोंद कंपनीच्या प्रशासकाला दिसू शकते. मुलाखतीला तर कंपनीचे खाते आणि कंपनीचा लॅपटॉप, दोन्ही टाळावेत. आत शिरण्याआधी पडद्यावरचे नाव आणि मागची पार्श्वभूमी पाहून घ्यावी, कारण कंपनीच्या बोधचिन्हाची पार्श्वभूमीही तितकेच सांगून जाते.

फाइल आणि संदेश इकडचे तिकडे करताना

‘घरी बसून पाहतो’ म्हणून कार्यालयाची फाइल स्वतःच्या वैयक्तिक खात्याला पाठवणे ही सर्वांत सर्रास आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे. अनेक कंपन्यांत असे पाठवणे आपोआप अडवले जाते किंवा त्याची नोंद होते, आणि पुढे त्याचा खुलासा कर्मचाऱ्यालाच करावा लागतो. घरून काम करायचेच असेल तर कार्यालयाचेच खाते घरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून फाइल तिथेच वाचावी, उतरवून घेऊ नये.

याच्या उलट दिशेने जाणारे सामानही तितकेच त्रास देते. पॅनकार्डची प्रत, मुलांचे दाखले, घराचा करारनामा कार्यालयाच्या वनड्राइव्हमध्ये ‘तात्पुरते’ ठेवले जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. ते आजच बाहेर काढावेत.

वैयक्तिक खाते असलेल्या बाहेरच्या व्यक्तीशी कार्यालयाच्या खात्यातून बोलण्याची परवानगी प्रशासकाने दिलेली असेल तर तसा संवाद साधता येतो, आणि त्या व्यक्तीच्या नावापुढे ती बाहेरची असल्याची खूण दिसते. ती खूण पाहूनच मजकूर लिहावा.

फोनवर

फोनवर दोन्ही खाती एकत्र येणे जवळपास अटळ असते. छायाचित्रावर टिचकी मारून ‘ॲड अकाउंट’ निवडले की खाते जोडले जाते. कार्यालयाचे खाते जोडताना फोन कधी वेगळा पिन मागतो, कधी कंपनी पोर्टल नावाचे ॲप बसवायला सांगतो. इथे दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांतील फरक समजून घेणे गरजेचे आहे. पहिल्या व्यवस्थेत कंपनीचे नियंत्रण केवळ कार्यालयाच्या ॲपमधील माहितीवर असते. टीम्समधून मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही, आणि नोकरी सुटल्यावर फक्त तेवढीच माहिती पुसली जाते. दुसऱ्या व्यवस्थेत पूर्ण फोन कंपनीकडे नोंदला जातो आणि तो दूरवरून संपूर्ण पुसण्याचा अधिकारही कंपनीकडे जाऊ शकतो. आपल्या खासगी फोनवर कोणती व्यवस्था लागू होणार, हे आयटी विभागाकडून लेखी घ्यावे आणि दुसरी असेल तर नकार द्यावा. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ हा मधला चांगला मार्ग आहे: कार्यालयाची ॲप ब्रीफकेसच्या छोट्या चिन्हासह वेगळ्या कप्प्यात राहतात आणि तो कप्पा संध्याकाळी एका बटणाने बंद करता येतो.

सूचनांसाठी ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘क्वाएट टाइम’ आहे. तिथे रोजचे तास आणि आठवड्याचे पूर्ण दिवस ठरवता येतात, आणि हे प्रत्येक खात्यासाठी वेगळे ठरवता येत असल्याने कार्यालयाचे खाते रात्री गप्प ठेवून घरचे चालू ठेवणे शक्य होते. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मोकळे राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून सध्या तरी हे तास आपले आपणच लावून घ्यायचे आहेत. रात्री आठवलेली गोष्ट सहकाऱ्याला लगेच पाठवण्याऐवजी पाठवण्याच्या बटणावर दाबून धरून सकाळची वेळ नेमता येते. वरिष्ठ पदांवरील मंडळींनी ही सोय जरूर वापरावी.

चुकीचे खाते उघडत राहिले तर

आधी त्या खात्यातून ‘साइन आउट’ करून ॲप पूर्ण बंद करावे. केवळ फुलीवर टिचकी मारली तर टीम्स मागे चालूच राहते. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातील चिन्हावर उजवी टिचकी मारून ‘क्विट’ निवडावे. तरीही फरक पडला नाही तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ आणि मायक्रोसॉफ्ट टीम्ससमोरील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून ‘रीसेट’ करावे. संदेश आणि फाइली सर्व्हरवर असल्याने त्यांना धक्का लागत नाही, मात्र दोन्ही खात्यांत पुन्हा प्रवेश करावा लागतो.

नोकरी सोडताना

राजीनाम्याची मुदत संपण्याआधी, कार्यालयाचे खाते चालू असतानाच पुढील कामे उरकावीत. आपल्या खासगी फाइली बाहेर काढाव्यात, पण कोणत्या फाइली खासगी हे वरिष्ठांना विचारून, कारण शेवटच्या आठवड्यात भराभर उतरवलेल्या फाइलींकडे संशयाने पाहिले जाते. मीटिंगची रेकॉर्डिंग संस्थेने वेगळे ठरवले नसेल तर १२० दिवसांनी आपोआप जातात, म्हणून सहकाऱ्यांना लागणारी रेकॉर्डिंग त्यांच्या स्वाधीन करावीत. आपण ज्या टीमचे एकमेव मालक आहोत तिथे दुसरा मालक नेमावा. खाते हटवल्यानंतर त्याचे वनड्राइव्ह मूळ रचनेनुसार फक्त ३० दिवस टिकते.

ज्या ग्राहक संस्थांमध्ये पाहुणे म्हणून गेलो होतो त्यांच्यातून स्वतःहून बाहेर पडावे. त्यासाठी मायअकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम येथे ‘ऑर्गनायझेशन्स’च्या पानावर प्रत्येक संस्थेसमोर ‘लीव्ह’ असा पर्याय असतो. त्यानंतर खासगी फोनवरील आणि संगणकावरील टीम्स, आउटलुक व वनड्राइव्ह या तिन्हींतून कार्यालयाचे खाते काढावे, विंडोजमधील ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ पुन्हा तपासावे, आणि प्रवेशाची पडताळणी करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधील कार्यालयाची नोंद सर्वांत शेवटी पुसावी. ती आधी पुसली तर उरलेल्या कामांसाठी प्रवेशच करता येणार नाही.